पहाटे सीएनजी भरला की जास्त बसतो हे खरं आहे का? (अकरावीच्या फॉर्म्युल्यात अडकलेय)

भांडुपची_अकरावी

माझे पप्पा रिक्षा चालवतात. रोज पहाटे चारला उठून पंपावर लाईन लावतात, कारण त्यांचं आणि त्यांच्या स्टँडवरच्या सगळ्या काकांचं म्हणणं आहे की पहाटे गॅस चांगला बसतो, दुपारी भरला की काटा फुल दाखवतो पण गाडी तेवढी पळत नाही. आता आम्हाला कॉलेजमध्ये गॅसचे नियम शिकवले, बॉईलचा आणि चार्ल्सचा, तर मला वाटलं आज पप्पांना आकडे काढून दाखवू. पण दोन ठिकाणी अडकले.

एक म्हणजे चार्ल्सचा नियम सांगतो तापमान वाढलं की गॅसचं आकारमान वाढतं. पण आमच्या टाकीवर ३० लिटर लिहिलंय, लोखंडी टाकी आहे, ती काय फुग्यासारखी फुगत नाही. मग आकारमान वाढतं म्हणजे नक्की कशाचं वाढतं?

दुसरं, मी सरळ आकडे टाकून बघितले, ३० डिग्रीला जेवढा गॅस बसेल त्याच्या ४० डिग्रीला ३० भागिले ४० म्हणजे पाऊणपट बसेल असं आलं. म्हणजे दहा डिग्रीत चौथाई गॅस कमी! पप्पा म्हणाले एवढा फरक कधीच नसतो. मग माझं चुकतंय की फॉर्म्युला इथे लागतच नाही? प्लीज कोणीतरी नीट समजावून सांगा, नुसतं उत्तर नको.

टू_व्हीलरवाला

अगं हे पेट्रोलसारखंच आहे. थंडीत इंधन दाट होतं, म्हणून सकाळी त्याच पैशात जास्त मिळतं. आम्ही पण सकाळीच भरतो.

किटवाला_सायन

मी सीएनजी किट बसवायचं आणि टाक्यांचं काम करतो, १८ वर्षं झाली, त्यामुळे यावर बोलतो.

वरच्या भावाचं बरोबर नाही. सीएनजी लिटरवर विकत नाहीत, किलोवर विकतात. पंपाच्या मशीनमध्ये जो मीटर असतो तो गॅसचं वजन मोजतो, आकारमान नाही, त्यामुळे सकाळी भरा नाहीतर दुपारी भरा, एक किलोच्या पैशात एक किलोच मिळणार. पैशाचा फायदा काही नाही. फरक पडतो तो एका वेळेला टाकीत किलो किती बसतात त्यात, आणि रिक्षावाल्याला तेच महत्त्वाचं आहे कारण अर्धा पाव किलो कमी बसला की संध्याकाळी परत लाईनला उभं राहायचं, तो तास दीड तास धंद्याचा जातो. म्हणून तुझे पप्पा पहाटे उठतात ते बरोबर करतात.

आता कारणं. मशीन गॅस भरत राहतं आणि प्रेशर २०० बारच्या (बार हे दाबाचं माप) आसपास गेलं की बंद होतं. मशीनला टाकीत किलो किती गेले याच्याशी देणंघेणं नाही, ते प्रेशर बघून थांबतं. दुपारी टाकी आधीच तापलेली, रिक्षात तर ती इंजिनाच्या जवळच, त्यात उन्हात रांगेत उभी. तापलेल्या टाकीत २०० बार लवकर होतात आणि मशीन लवकर थांबतं. आणि दुसरं म्हणजे भरताना गॅस स्वतःपण तापतो. पप्पांना सांग भरून झाल्यावर टाकीला हात लावून बघा, कोमट लागेल. आणि त्याच वेळी नोझल मात्र गार पडलेली असते, हे मी रोज बघतो.

तिसरं कारण पुस्तकात नाही. संध्याकाळी एकामागून एक गाड्या लागल्या की पंपाच्या साठ्याचंच प्रेशर उतरतं, कंप्रेसरला भरून काढायला वेळ मिळत नाही, मग मशीन १७०-१८० लाच थांबतं. ड्रायव्हर लोक म्हणतात ना "आज प्रेशर नाही", ते हेच. पहाटे गर्दी कमी, साठा रात्रभर भरलेला, म्हणून प्रेशर पूर्ण मिळतं. माझ्या अनुभवाने पहाटेचा मोठा फायदा हा आहे, थंडीचा त्याच्यानंतर.

निवृत्त_फिजिक्स_दादर

तुझा पहिला प्रश्न फार चांगला आहे. मी तीस वर्षं ज्युनियर कॉलेजला शिकवलं आणि हा प्रश्न वर्गात येतो तेव्हा मला बरं वाटतं, कारण बहुतेक मुलं आकडे टाकून मोकळी होतात, गॅस कुठे आहे याचा विचारच करत नाहीत.

गॅसच्या बाबतीत चार गोष्टी असतात. दाब, आकारमान, तापमान, आणि गॅस किती आहे ते, म्हणजे मोल (रेणूंची संख्या मोजायचं माप) किंवा किलो. चौथी गोष्ट नेहमी विसरली जाते. बॉईलने १६६२ मध्ये जे छापलं ते असं होतं, एका बाजूने बंद असलेली इंग्रजी जे सारखी वाकलेली काचेची नळी, तिच्यात थोडी हवा अडकवून वरून पारा ओतत जायचं. हवा तेवढीच, तापमान जवळपास तेच, पारा वाढला की दाब वाढतो आणि हवा आक्रसते. दाब दुप्पट, आकारमान निम्मं. इथे दोन गोष्टी त्याने पक्क्या धरल्या म्हणून उरलेल्या दोघींचं नातं दिसलं. चार्ल्सने १७८७ च्या सुमारास दाब पक्का धरला आणि तापमान बदललं, पण त्याने ते छापलं नाही, १८०२ मध्ये गे-ल्युसॅकने स्वतः मोजमापं करून छापलं आणि त्यात चार्ल्सचं श्रेय प्रामाणिकपणे दिलं म्हणून आज नाव चार्ल्सचं आहे. ही दोघंही फुग्यातून उडालेली माणसं होती, चार्ल्स १७८३ मध्ये पॅरिसहून हायड्रोजनच्या फुग्यातून वर गेला होता, तेव्हा गॅस तापला की काय होतं हा त्याच्यासाठी वहीतला प्रश्न नव्हता.

आता तुझी टाकी घे. आकारमान ३० लिटर, पक्कं. दाब मशीन २०० वर थांबवतं, म्हणजे तोही पक्का. राहिलं काय? तापमान आणि किती गॅस. तेव्हा तापमान वाढलं की बदलायला फक्त किलोच मोकळे आहेत, ते कमी होतात. चार्ल्सचं "आकारमान वाढतं" ते इथे असं वाच, की प्रत्येक किलो गॅस जास्त जागा मागतो, जागा तर ३० लिटरच आहे, मग कमी किलो मावतात. लोकलमधली माणसं सगळीच हातपाय पसरून उभी राहिली तर डब्यात कमी माणसं मावतील, तसं. (गॅसचे रेणू स्वतः मोठे होत नाहीत, जोरात पळतात आणि भिंतीवर जोरात आपटतात, म्हणून कमी रेणूंनीच २०० बार होतात. लोकलचं उदाहरण एवढ्यापुरतंच.)

दुसरी चूक तू ओळखली असशीलच, ३० आणि ४० हे सेल्सियस आहेत. सेल्सियसचा शून्य आपण पाणी गोठतं तिथे सोयीसाठी ठेवलाय, गॅसला त्याचं काही नाही. गॅसचं आकारमान आणि तापमान यांचा आलेख काढला तर सरळ रेघ येते आणि ती मागे लांबवत नेली की उणे २७३.१५ ला आकारमान शून्यावर टेकते. खरा गॅस तिथपर्यंत जायच्या आधीच द्रव होतो, पण रेघ तिथेच जाते, मग तो कुठलाही गॅस असो. म्हणून मोजायची सुरुवात तिथून करायची. ३० म्हणजे ३०३ केल्विन, ४० म्हणजे ३१३. भागाकार कर, ३०३ भागिले ३१३, येतं ०.९७ च्या जवळ. चौथाई नाही, तीन टक्के. पप्पांचा अनुभव बरोबर, तुझी शंका पण बरोबर.

पूर्ण गणित करायचं तर, काटा हवेच्या दाबाच्या वरचा दाब दाखवतो, म्हणून २०० मध्ये १ मिळवून २०१ बार घे, ३० लिटर, ३०३ केल्विन. मोल येतील साधारण २३९. सीएनजी म्हणजे मुख्यतः मिथेन, एक मोल १६ ग्रॅम. म्हणजे ३.८ किलो आणि थोडं वर. ३१३ केल्विनला ३.७ किलो. फरक सव्वाशे ग्रॅमच्या आतला.

आणि एक गंमत म्हणून हे कर. तेच २३९ मोल हवेच्या साध्या दाबाला बाहेर सोडले तर किती जागा व्यापतील? जवळजवळ ६००० लिटर. चाळीत पाणी भरून ठेवायचे २०० लिटरचे निळे ड्रम असतात ना, तसे ३० ड्रम. तेवढा गॅस पप्पांच्या सीटमागे ३० लिटरमध्ये बसलाय.

भांडुपची_अकरावी

सर खूप खूप थँक्यू, "किती गॅस" ही चौथी गोष्ट मी खरंच धरलीच नव्हती, आमच्या पुस्तकात पी वन व्ही वन वाला फॉर्म्युला आहे त्यात ती दिसतच नाही. आणि ३० ड्रमचं पप्पांना सांगितलं तर ते टाकीकडे बघतच राहिले.

पण एक विचारू का, किटवाले काका म्हणतात नोझल गार आणि टाकी गरम. एकच गॅस एका टोकाला गार आणि दुसऱ्या टोकाला गरम कसा?

घाट_उतरताना

मुख्य प्रश्नाचं उत्तर झालंय, मी फक्त दोन गोष्टी टाकतो कारण हे रोजच्या बघण्यातलं आहे. लोणावळ्याला जाताना घाट चढला की चिप्सचं पाकीट टम्म फुगतं, ते बॉईलचंच. लोणावळा साधारण सव्वासहाशे मीटरवर, तिथे हवेचा दाब मुंबईपेक्षा सात टक्क्यांच्या आसपास कमी, म्हणून आतली हवा पसरते. महाबळेश्वरला तर याच्या दुप्पट फरक. पाकीट मुंबईत भरलेलं आणि महाबळेश्वरला उघडलं तर फुस्स आवाज मोठा येतो.

आणि टायरमध्ये सरांनी सांगितलेलं "१ मिळवा" फार महत्त्वाचं आहे. सीएनजीत २०० चे २०१ केले नाहीत तरी चालून जातं, टायरमध्ये ३० पीएसआय म्हणजे खरे जवळपास ४५, तिथे विसरलात तर सगळं गणित चुकतं. २५ डिग्रीला ३० भरली आणि एक्सप्रेसवेवर टायर ५० डिग्रीला गेला तर ३४ च्या जवळ दाखवेल. लोक तेव्हा हवा सोडतात. सोडू नका प्लीज, टायर थंड झाला की ती २६ वर येईल आणि कमी हवेचा टायर अजून तापतो. हवा नेहमी थंड टायरला तपासायची.

केमिकल_प्लांट_ठाणे

नोझलचं उत्तर देतो. दोन वेगवेगळ्या गोष्टी घडतायत. पंपाच्या साठ्यात प्रेशर जास्त, तिथून गॅस अरुंद वाटेतून कमी प्रेशरकडे निसटतो, तेव्हा तो गार होतो. मिथेनचे रेणू एकमेकांना थोडे ओढून धरतात, लांब जाताना ती ओढ तोडायला ऊर्जा लागते आणि ती त्यांच्या स्वतःच्या पळण्यातून जाते. ज्यूल आणि थॉमसन यांनी १८५२ मध्ये हे दाखवलं. एलपीजीची टाकी जोरात चालली की रेग्युलेटर आणि टाकी गार लागते ते मात्र दुसऱ्या कारणाने, तिथे द्रवाची वाफ होत असते.

टाकीच्या आत काय होतं तर आधी आलेल्या गॅसला मागून येणारा गॅस दाबत राहतो. सायकलचा पंप जोरात मारला की खालचं टोक तापतं तेच. कागदावर, टाकी रिकामी आहे आणि भिंतीतून उष्णता बाहेर जातच नाही असं धरलं तर मिथेन ३०० केल्विनचा ३९० केल्विनपर्यंत जायला हवा. खऱ्यात लोखंड बरीच उष्णता पिऊन घेतं, आणि येणारा गॅस थोडा गार असतो, त्यामुळे तेवढं होत नाही, पण तापतो नक्की. बाहेरच्या हवेच्या ३० का ४० डिग्री यापेक्षा हे तापणं मोठं आहे, खासकरून मुंबईत, कारण इथे समुद्रामुळे मे महिन्यात पहाट आणि दुपार यात सहा-सात डिग्रीचाच फरक असतो. जानेवारीत तो बारा-चौदापर्यंत जातो, तेव्हा पहाटेचा फायदा जास्त दिसेल.

अजून एक, सरांचं गणित आदर्श गॅसचं आहे, म्हणजे रेणूंना एकमेकांची ओढ नाहीच असं धरून केलेलं, आणि अकरावीला तेच बरोबर, पण २०० बारला मिथेन तसा वागत नाही. रेणू इतके जवळ आलेले असतात की ती ओढ दिसायला लागते आणि गणितापेक्षा साधारण १५ टक्के जास्त गॅस बसतो. आणि तापमानाचा परिणामही तीन टक्क्यांपेक्षा थोडा जास्तच पडतो, कारण गरम झाल्यावर ही ओढ कमी पडते. बॉईलचा नियम चुकीचा नाही, तो कमी दाबाला चांगला लागतो.

तरी मिथेन तिथे द्रव होत नाही हेही लक्षात ठेव. उणे ८२ डिग्रीच्या वर तुम्ही कितीही दाबा, मिथेन द्रव होणारच नाही. एलपीजी होतो, म्हणून घरच्या १४.२ किलोच्या टाकीत हलवलं की पाण्यासारखं डुबुक वाजतं आणि टाकी संपत येईपर्यंत प्रेशर तेवढंच राहतं. सीएनजीत तसं नाही, वापरत गेलात तसा काटा खाली येतो. म्हणून रिक्षात काटा बघून गॅस कळतो आणि घरच्या सिलिंडरला वजनकाटाच लागतो.

टू_व्हीलरवाला

माझं चुकलं, किलोवर विकतात हे डोक्यातच आलं नाही. पण मग पेट्रोलचं तरी खरं ना, ते तर लिटरवर आहे?

निवृत्त_फिजिक्स_दादर

पेट्रोल तापलं की पसरतं, पण डिग्रीला साधारण एक हजारांश. दहा डिग्रीला एक टक्का. आणि पंपाची टाकी जमिनीखाली असते, तिथे पहाट आणि दुपार यात तापमान जवळपास हलतच नाही. तेव्हा त्यासाठी पहाटे उठायची गरज नाही. द्रवात आणि गॅसमध्ये हाच तर मोठा फरक आहे, गॅस डिग्रीला तीनशेतला एक भाग पसरतो, आणि कुठलाही गॅस घ्या, कमी दाबाला जवळपास तेवढाच. द्रव प्रत्येकाचा वेगळा. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा लोकांना केवढं नवल वाटलं असेल, हायड्रोजन काय, ऑक्सिजन काय, सगळे सारखे पसरतात.

भांडुपची_अकरावी

मी आणि पप्पांनी मोजलं!! परवा संध्याकाळी सहाला भरला. भरायच्या आधी काटा २० वर होता, भरल्यावर २००, पावतीवर ३.५ किलो. पप्पांनी त्या दिवशी लगेच गाडी बंद करून लावून ठेवली, माझ्यासाठी रात्रीचा धंदा सोडला. काकांनी सांगितलं तसं टाकीला हात लावला तर खरंच गरम होती. पहाटे चारला आम्ही दोघं खाली गेलो टॉर्च घेऊन, काटा १८५ वर होता. गॅस कुठेच गेलेला नाही, रिक्षा हललीपण नाही. घरातला थर्मामीटर खाली नेला होता, २६ दाखवत होता.

मग मी गणित केलं. टाकी तीच, गॅस तेवढाच, म्हणजे दाब आणि तापमान एकाच पटीत बदलणार. २९९ गुणिले २०१ भागिले १८६, आले ३२३ केल्विन. म्हणजे भरून झालं तेव्हा आतला गॅस ५० डिग्रीला होता! आम्ही बाहेरून हात लावून सांगत होतो आणि आतलं तापमान काट्याने सांगितलं.

आज पहाटे परत २० वर आणून भरला, त्याच पंपावर, काटा २०० लाच थांबला, पावती ३.७ किलो. २०० ग्रॅम जास्त. पप्पा म्हणाले हे सात-आठ किलोमीटर झाले, म्हणजे एक छोटं भाडं. वहीत लिहून ठेवलंय.

सर, बरोबर आहे ना? केमिकलवाले दादांनी सांगितलं तसं खऱ्या मिथेनचं वेगळं असतं तर माझे ५० डिग्री थोडे चुकीचे असतील ना?

निवृत्त_फिजिक्स_दादर

बरोबर आहे, अगदी बरोबर. ५० च्या ऐवजी खरा आकडा काही डिग्री खाली येईल, कारण खऱ्या मिथेनचा दाब तापमानाबरोबर थोडा जास्त जोरात वाढतो, तू स्वतःच ते ओळखलंस याचा मला फार आनंद झाला. एकच गोष्ट ध्यानात ठेव, पहाटे भरतानाही गॅस तापलेलाच असतो, त्यामुळे ३.७ म्हणजे टाकीची पूर्ण ताकद नाही. आणि एका संध्याकाळीची एका पहाटेशी तुलना पुरेशी नाही. पप्पांच्या जुन्या पावत्या असतील तर वेळेप्रमाणे लाव, फक्त भरायच्या आधीचा काटा माहीत असलेल्याच घे.

किटवाला_सायन

पोरी, छान केलंस. दोन कामाच्या गोष्टी सांगतो. रिक्षाचा काटा पाच-सात बार इकडे तिकडे दाखवतोच, म्हणून दर वेळी त्याच काट्यावर, समोरून सरळ बघून वाच, तिरकं बघितलं की आकडा बदलतो.

आणि टाकीवर तारीख कोरलेली असते ती बघ, दर तीन वर्षांनी टेस्ट करावी लागते. ती टेस्ट पाणी भरून करतात, गॅस भरून नाही, आणि आता तुला त्याचं कारण कळेल. पाणी दाबलं तरी जवळजवळ आक्रसत नाही, त्यामुळे टाकी समजा फाटलीच तर पाणी थोडंसं उडून प्रेशर शून्य होतं. गॅस असता तर सरांनी सांगितलेले ३० ड्रम एका क्षणात बाहेर यायला बघतील. पप्पांना विचार शेवटची टेस्ट कधी झाली ते, आणि तारीख उलटली असेल तर आधी ते करून घ्या, मोजणी नंतर.

भांडुपची_अकरावी

आत्ताच खाली जाऊन बघितलं काका, पुढच्या मार्चपर्यंत आहे. पप्पांच्या डब्यात दोन महिन्यांच्या पावत्या सापडल्या, वेळ छापलेली आहे पण आधीचा काटा कोणावरच नाही. आजपासून पप्पा प्रत्येक पावतीच्या मागे पेनने लिहिणार आहेत.